दंडाचा घेर: वाशीच्या बाजारातल्या एका रक्तदाब पाहणीचं प्रकरण

शीट माझ्याकडे आली तेव्हा वरवर सगळं नीट होतं. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातले माथाडी कामगार. वय, गाव, टोळी क्रमांक, कामाची वर्षं, वजन, उंची, कमरेचा घेर, तंबाखू, आणि शेवटच्या दोन रकान्यांत रक्तदाबाचा वरचा नि खालचा आकडा. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातल्या एका विद्यार्थ्याचा हा प्रबंध. नवी मुंबईतल्या त्याच्या संस्थेनं मला संख्याशास्त्राची सल्लागार म्हणून घेतलं होतं आणि विश्लेषण करून देणं एवढंच माझं काम होतं. तो फोनवर म्हणाला, "मॅडम, पी व्हॅल्यू ०.००१ च्या खाली आली आहे. जो जास्त ओझं उचलतो त्याचं बीपी जास्त." पी व्हॅल्यू इतकी लहान, म्हणजे खरा संबंध नसता तर असे आकडे निव्वळ योगायोगानं येणं फार दुर्मीळ. आवाजात आनंद होता, आणि तो मला समजत होता. माथाडींच्या तब्येतीवर लिहायचं त्यानं मनापासून ठरवलं होतं. त्याचे आजोबा मशीद बंदरला हमाली करायचे.

पुढे जे घडलं ते सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण अशा पाहण्या आपल्याकडे दर वर्षी होतात आणि त्यात हीच चूक सहज राहून जाते. संस्था, टोळी आणि माणसं ओळखू येतील असे तपशील मी गाळले किंवा बदलले आहेत.

शीटमध्ये काय खटकलं

पहिला संशय मी मोजणाऱ्या मुलांवर घेतला, हे आधी सांगून टाकते. दोन साहाय्यक होते. पहाटे गाड्या लागल्यापासून बाजारात उभं राहून माणसं गाठायची, फॉर्म भरायचा, मशीन लावायचं. अशा कामात कंटाळा येतो आणि कधी कधी आकडे बसल्या जागी भरले जातात. ते तपासायची एक सोपी युक्ती आहे, शेवटचा अंक मोजायचा. डिजिटल मशीन शून्य ते नऊ सगळे अंक दाखवतं, त्यामुळे शेवटी शून्य येणाऱ्या नोंदी साधारण दहात एक असायला हव्यात. पाऱ्याच्या जुन्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात, तिथं पाचात एक. माणूस मनानं आकडा लिहितो तेव्हा १३०, १४०, १५० यांचा सुकाळ होतो.

तसं काही नव्हतं. दहाही अंक जवळपास सारखे विखुरलेले. मुलांनी मशीनवर दिसलं तेच इमानेइतबारे उतरवलं होतं. मी मनात त्यांची माफी मागितली आणि दुसरीकडे पाहायला लागले.

खटकणारी गोष्ट वजनात सापडली. वजन वाढलं की रक्तदाब वाढतो, यात नवल नाही. पण ते वजन पोटाचं असेल तर कमरेच्या घेराशीही तसाच संबंध दिसायला हवा. इथे कमरेचा संबंध अगदीच मिळमिळीत आणि वजनाचा मात्र ठसठशीत. शीटमधल्या सगळ्यात जास्त रक्तदाबाच्या ओळी काढून पाहिल्या, तर त्यात तिशी-पस्तिशीतले, कंबर बारीक आणि वजन भरपूर असलेले कितीतरी जण. पोट नाही, मग वजन कशाचं? अंगाचं, स्नायूंचं. पन्नास किलोची गोण दिवसभर पाठीवर घेणाऱ्याचे खांदे आणि दंड कसे असतात, ते डोळ्यांपुढे आणायला मला दोन दिवस लागले. मी बेलापूरच्या एसी खोलीत बसून आकडे बघत होते. दंड शीटमध्ये नव्हताच.

बाजारात

विद्यार्थ्याला बरोबर घेऊन मी पहाटे बाजारात गेले. टोळीच्या बसायच्या जागेत, रिकाम्या बारदानाच्या थप्पीवर, साहाय्यक ज्या पद्धतीनं मोजत तसंच मोजायला सांगितलं. पहिलाच गडी गाडी खाली करून आला. गोण ओढायचा लोखंडी आकडा त्यानं भिंतीच्या खिळ्याला अडकवला, बनियनची बाही वर केली आणि हात पुढे केला. पट्टा गुंडाळताना चिकटपट्टी जेमतेम दोन बोटं एकमेकींवर बसली. मशीन घरघरलं, पट्टा फुगला आणि फर्रकन सुटला. दुसऱ्यांदा साहाय्यकानं तो हातानं दाबून धरला. आकडा आला १५८.

"म्याडम, ह्यो पट्टा आमाला पुरतच न्हाई," तो माणूस म्हणाला. "त्या टायमाला पन असाच धरला हुता."

पट्ट्यावर आतल्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं: २२ ते ३२ सेंमी. मी पर्समधून शिवणकामाची टेप काढली. खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंतचा मध्य काढून तिथं घेर घेतला. ३६.

अरुंद पट्ट्यात नेमकं काय होतं, ते विद्यार्थ्याला तिथंच समजावलं. पट्ट्यातली हवेची पिशवी दंडाच्या आतली रोहिणी, म्हणजे धमनी, दाबते. पिशवी आखूड किंवा अरुंद असली की तिचा दाब मांसातच मुरतो आणि रोहिणी बंद व्हायला जास्त हवा भरावी लागते. मशीनला वाटतं, रक्ताचाच जोर जास्त आहे. म्हणून पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के आणि रुंदी सुमारे ४० टक्के असावी, असा नियम. ही गोष्ट काही आत्ताची नाही. इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाचा पट्टा आणला तेव्हा तो जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता. १९०१ मध्येच फॉन रेकलिंगहाउझेन यांनी दाखवून दिलं की अरुंद पट्टा आकडा फुगवतो. म्हणजे कोरोटकॉव्ह यांनी १९०५ मध्ये स्टेथोस्कोपनं रक्तदाब ऐकायची रीत सांगितली, त्याच्याही आधीची ही समज.

बाकीही बरंच दिसलं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवायचं असतं, तर इथे माणूस ओझं टाकून थेट येत होता. पाठीला टेकू हवा आणि हात हृदयाच्या पातळीवर हवा, पण हात मांडीवर लोंबत होता आणि तसा ठेवला की आकडा वर जातो. आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नको, आणि इथे गालात तंबाखू. प्रबंधाच्या 'कार्यपद्धती' प्रकरणात मात्र 'प्रमाणित पद्धतीने रक्तदाब मोजला' असं एक वाक्य होतं. विद्यार्थ्यानं ते मागच्या एका प्रबंधातून घेतलं होतं, त्यानं बहुधा त्याच्या मागच्यातून.

ही चूक साधी का नव्हती

परतताना गाडीत विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, थोडीफार चूक सगळ्याच मोजमापांत असते ना? आणि माझा नमुना मोठा आहे." हा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून इथे जरा थांबते.

काही चुका इकडे-तिकडे होतात, कधी आकडा थोडा वर, कधी खाली. माणसं जास्त घेतली की त्या एकमेकींना खाऊन टाकतात. दुसरी जात एकाच दिशेनं ढकलणारी, आणि तिच्यापुढे मोठा नमुना काहीच करू शकत नाही. उलट चुकीच्या उत्तराभोवतीची कक्षा अरुंद होते आणि आपला विश्वास वाढतो. त्यातही आपली चूक तिसऱ्या, सगळ्यात वाईट प्रकारची होती. जो जास्त ओझं उचलतो त्याचा दंड जाड, दंड जाड त्याचा आकडा फुगलेला. म्हणजे चूक सगळ्यांना सारखी लागत नव्हती, आपण ज्याचा शोध घेत होतो नेमक्या त्याच गोष्टीला चिकटून येत होती. ओझं आणि रक्तदाब यांचा काडीचा संबंध नसता, तरी या पट्ट्यानं तो निर्माण केला असता. ०.००१ च्या खालची ती पी व्हॅल्यू पट्ट्याचीही असू शकत होती.

त्यातून रक्तदाबात १४०/९० ही रेघ. रेघेच्या आसपास माणसांची गर्दी असते. खरा १३६ असलेला माणूस १४१ दिसला की पाचच अंकांत तो 'निरोगी'मधून 'रुग्ण' रकान्यात जातो.

आणखी एक गोष्ट मी त्याच दिवशी दाखवली. एका टोळीतली माणसं एकाच गावची, एकाच वेळी जेवणारी, एकसारखंच ओझं उचलणारी असतात. त्यांना सुटी-सुटी माणसं धरून विश्लेषण केलं की खात्री खोटी वाढते. टोळीत १५ जण आणि त्यांच्यातला सारखेपणा दाखवणारा सहसंबंध नुसता ०.०५ धरला, तरी १ + १४ × ०.०५ म्हणजे १.७. त्यानं भागलं की ३०० माणसांची किंमत जवळपास १७६ इतकीच उरते. हे दुरुस्त करायला अर्धा तास लागला. पट्ट्याचं तसं नव्हतं.

तीन वाटा होत्या. जे आहे ते ठेवायचं आणि 'मर्यादा' या मथळ्याखाली एक ओळ टाकायची. प्रबंध सादर करायची तारीख जवळ असल्यानं संस्थेतल्या गाईडचा कल तिकडे होता. दुसरी, आकडेमोड करून दुरुस्ती. अमेरिकेत बाल्टिमोरला झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक अभ्यासात, म्हणजे पट्ट्यांचा क्रम चिठ्ठी टाकल्यासारखा ठरवलेल्या अभ्यासात, मोठा पट्टा लागणाऱ्यांना मध्यम लावल्यावर वरचा आकडा सरासरी ४.८ नं आणि अति-मोठा लागणाऱ्यांना मध्यम लावल्यावर १९.५ नं जास्त आला. मग तेवढे वजा करावेत? पण आपल्याकडे कुणाच्याच दंडाचं माप नव्हतं, मग कुणातून किती वजा करणार? शिवाय तिथले जाड दंड बहुतेक लठ्ठपणाचे, आपले स्नायूंचे. उसनी सरासरी अशी चिकटवणं मला पटलं नाही. तिसरी वाट म्हणजे परत जाऊन मोजणं. वेळ, पैसा आणि लाज, तिन्ही खर्च होणार होते.

चिठ्ठ्या

निर्णय मात्र या तीन वाटांच्या चर्चेतून झाला नाही. परत निघताना टोळीचे मुकादम मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्याडम, तुमच्या चिठ्ठीनं आमची दोन मानसं घाबरून बसल्यात."

कसल्या चिठ्ठ्या, म्हणून मी विद्यार्थ्याकडे पाहिलं. ज्यांचा आकडा १४० च्या वर आला, त्यांना 'उच्च रक्तदाब आढळला, डॉक्टरांना दाखवा' अशी चिठ्ठी दिली होती. हेतू चांगलाच होता. तपासणीत काही सापडलं तर माणसाला न सांगता निघून जाणं चूकच. पण पहाटेच्या घाईत सगळ्यांना गाठता येत नव्हतं, म्हणून चिठ्ठ्यांचा गठ्ठा मुकादमांच्या हाती दिला होता, वर नावं लिहून. म्हणजे कुणाला काय 'निघालं' ते अख्ख्या टोळीला कळलं. टोळीत ओझं वाटून घ्यायचं असतं. एकाचा हात आखडला की बाकीच्यांवर पडतं. 'बीपीवाला' हा शिक्का तिथे नुसता वैद्यकीय राहत नाही.

एकानं चिठ्ठी लपवून ठेवली. एकाच्या घरी बायकोनं सुकट-बोंबील बंद केलं आणि तो रात्र रात्र जागायला लागला. एकानं शेजाऱ्याच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. आणि जो १५८ वाला गडी मला त्या दिवशी भेटला, त्यानं गावी थोरल्या भावाला फोन करून जमिनीच्या वाटणीचं बोलून ठेवलं होतं. वडील पन्नाशीच्या आत झटक्यानं गेले होते. एका दिवशी, एका पट्ट्यानं, एका क्षणी आलेल्या आकड्यावर हे सगळं उभं राहिलं होतं. रक्तदाबाचं निदान वेगवेगळ्या दिवशीच्या मोजमापांवर करायचं असतं. पाहणीतला एक आकडा निदान ठरत नाही, हे चिठ्ठीवर कुठंच नव्हतं.

संमतीपत्रांचं मी मुद्दाम विचारलं. सगळ्यांच्या सह्या-अंगठे होते. ते कसे घेतले? मुकादमांनी सगळ्यांना गोळा केलं, विद्यार्थ्यानं फॉर्म वाचून दाखवला, मुकादम म्हणाले "चला रे, करा सह्या," आणि झाल्या. मुकादम भला माणूस. तरी त्याच्यासमोर 'मी नाही' कोण म्हणणार? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत: समूहाच्या प्रमुखाची परवानगी घ्यावी, पण ती प्रत्येक माणसाच्या स्वतंत्र संमतीच्या जागी चालत नाही. फॉर्म होता, सही होती, आणि नकार द्यायला जागा नव्हती.

त्या रात्री मी शीट पुन्हा उघडली. नावाचा रकाना विद्यार्थ्यानं काढून टाकला होता आणि तो तिला 'अनामिक' म्हणत होता. टोळी क्रमांक, गाव आणि वय मात्र तसंच. पंधरा जणांच्या टोळीत जुन्नरकडचा ५२ वर्षांचा माणूस किती जणांपैकी एक असणार? मुकादमानं शीट नुसती पाहिली तरी प्रत्येक ओळीला नाव लावलं असतं. ती शीट तोवर तीन फोनवर फिरलेली होती.

समितीपुढे

झालेलं सगळं आम्ही लिहून काढलं आणि संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या एथिक्स कमिटीला कळवलं. मंजूर आराखड्यापासून फारकत झाली तर कळवायचं आणि नवं मोजमाप करायचं तर आधी दुरुस्तीला मंजुरी घ्यायची, हा नियमच आहे. विद्यार्थी घाबरला होता, त्याला वाटलं प्रबंध रद्द होईल. गाईडही नाराज होते. उगाच काय अंगावर ओढून घेता, असं म्हणाले. त्यांच्यावर मी रागावले नाही. एका वेळी डझनभर प्रबंध सांभाळणाऱ्या माणसाला तारखाच आधी दिसतात.

अशा समितीत वैद्यकीय लोकांबरोबर कायदा जाणणारा, समाजशास्त्राचा अभ्यासक आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. चर्चा मुख्यतः नमुना आणि मुदत यांवर चालली होती. मग सामान्य नागरिक म्हणून बसलेल्या निवृत्त शिक्षिकेनं विचारलं, "ज्यांना चिठ्ठ्या दिल्यात त्यांना आता काय सांगणार आहात?"

आम्ही म्हणालो, की आधीचं मोजमाप चुकलं होतं असं सांगू.

"म्हणजे ज्याला खरंच बीपी आहे तोही गोळ्या सोडेल."

खोलीत कुणी काही बोललं नाही. आम्ही विश्लेषण दुरुस्त करायच्या नादात होतो. त्यांनी माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता. तिथेच निरोपाचा मजकूर बदलला: 'त्या दिवशीचा पट्टा काही जणांना लहान पडला, त्यामुळे आकडा जास्त आला असू शकतो. कुणाचा, ते पुन्हा मोजल्याशिवाय कळणार नाही. डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी तोवर बंद करू नका. दुसऱ्याची गोळी घेत असाल तर ती मात्र थांबवा आणि आम्हाला भेटा.' शिक्षिकाबाईंनी 'कदाचित' हा शब्द काढायला लावला आणि 'तुमची चूक नाही' हे वाक्य घालायला लावलं.

दुसरी फेरी

या वेळी बाजार सोडला. कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीतल्या मंडळाच्या खोलीत, सुट्टीच्या सकाळी. मुकादमांना आम्ही आधीच सांगितलं, की तुम्ही निरोप द्या पण खोलीत येऊ नका, आणि त्यांनी ते मनावर घेतलं; दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, आत डोकावले नाहीत. संमती पडद्याआड, एकेकाची. चौघे जण 'नको' म्हणाले आणि चहा घेऊन गेले. मला तो चौघांचा नकार त्या सकाळची सगळ्यात चांगली नोंद वाटते.

आधी दंडाचा घेर. मग पाच मिनिटं खुर्चीवर, पाय जमिनीला, हात टेबलावर. ज्यांचा घेर ३२ च्या वर, त्यांना दोन्ही पट्टे लावले, मध्यम आणि मोठा. कोणता आधी, ते डब्यातल्या चिठ्ठीवर. कारण पहिल्यांदा मोजताना माणूस धास्तावलेला असतो आणि मोठा पट्टा नेहमी नंतर लावला असता तर शांत झाल्याचं श्रेय पट्ट्याला गेलं असतं. प्रत्येकी तीन वेळा, मध्ये एकेक मिनिट. पहिला आकडा सोडून उरलेल्या दोघांची सरासरी घ्यायची, हे एकही आकडा पाहण्याआधी लिहून, सही करून, समितीकडे दिलं होतं. आकडे पाहून मग नियम ठरवला की मन हवं तिकडे झुकतं. माझंही झुकलं असतं. मला एव्हाना पट्टाच दोषी ठरायला हवा होता.

शीटमध्ये गाव नाही, वय दहा-दहा वर्षांच्या गटात, टोळीला भलतंच अक्षर. नाव आणि क्रमांक जोडणारी वही एकच, कुलपात.

सगळे आले नाहीत. चैत्राचे दिवस होते, बरेच गावी जत्रेला गेलेले. पण न आलेल्यांची जुनी ओळ एकेक करून पाहिली तेव्हा दिसलं, की पहिल्या वेळी फार मोठे आकडे आलेले त्यांत जास्त होते. जे सर्वांत घाबरले तेच परतले नव्हते. त्यांना गुपचूप वगळलं असतं तर दुसरी फेरी आपोआप 'निरोगी' दिसली असती. म्हणून प्रबंधात आलेले आणि न आलेले यांची तुलना पूर्ण दिली, आणि विद्यार्थी त्यांच्यासाठी आणखी दोनदा वसाहतीत गेला.

निष्कर्ष थोडक्यात: जाड दंडांवर मोठा पट्टा लावला की आकडा उतरत होता, आणि पहिल्या चिठ्ठीवाल्यांपैकी काही जण रेघेच्या खाली आले. ओझं आणि रक्तदाब यांचा तो ठळक संबंध पार ढिला पडला. या पाहणीवरून तो आहे किंवा नाही, दोन्ही म्हणता येत नाही. विद्यार्थ्यानं तसंच लिहिलं. जुना निकालही परिशिष्टात ठेवला, का चुकला त्यासकट. तोंडी परीक्षेत त्याला सर्वांत जास्त प्रश्न त्या परिशिष्टावरच आले.

मात्र एक जण उलटा निघाला. किडकिडीत, दंड २७, मध्यम पट्टाच योग्य. "तुमचं मशीन खोटं हाय" म्हणून पहिली चिठ्ठी त्यानं फाडून टाकली होती, आणि आम्हीच पट्टा चुकल्याचा निरोप पाठवल्यावर तर त्याला आनंदच झाला होता. तिन्ही वेळा वरचा आकडा १८० च्या पुढे. त्याच सकाळी विद्यार्थी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. शिक्षिकाबाईंनी तो मजकूर बदलायला लावला नसता तर हा माणूस आला असता का, हा विचार मला अजून येतो.

१५८ वाला गडी शेवटी आला. गावाहून मुद्दाम लवकर परतला होता. मोठ्या पट्ट्यावर १३४, १३२. आठवड्यानं पुन्हा मोजलं, तेव्हाही तसंच. नवीन चिठ्ठी त्याच्याच हातात दिली. त्यानं ती उलटून पाहिली, मग परत माझ्यापुढे धरली.

"ह्येच्यावर दंडाचं माप बी लिवा म्याडम. फुडच्या टायमाला दवाखान्यात कुनी बारका पट्टा लावला तर दाखवीन."

मी आकड्याच्या खाली लिहून दिलं: दंड ३६ सेंमी, मोठा पट्टा.